जोहार कुणाचा, कुणाला?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावर शाळेच्या पडवीत बायकांची बैठक चालू होती. वीस-बावीस बायका, त्यांची पोरं, दोन फाटक्या सतरंज्या आणि मी. विषय रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीचा. मजुरी म्हटलं की सगळ्याजणी एकदम बोलणार, त्यामुळे गोंगाट भरपूर. तेवढ्यात दोन मोटारसायकलींवरून चार तरुण आले. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या मिरवणुकीचं सांगायला आले होते. पडवीच्या टोकाशी ग्रामसेवक आणि गावातले दोन म्हातारे उभे होते. पोरांनी त्यांना मोठ्यानं 'जय जोहार!' केला, हात मिळवले. मला 'नमस्ते मॅडम' झालं. आणि मग मध्ये बसलेल्या वीस-बावीस बायकांच्या डोक्यांवरून पलीकडे बघत त्यांतला एकजण ग्रामसेवकाला म्हणाला, "बायकांनापण घेऊन या. लुगडी नेसून, नाचाला."

मोटारसायकली गेल्यावर पन्नाशीची एक बाई हळूच म्हणाली, "आम्हांला जोहार नसतो काय गं?" सगळ्या हसल्या. तीही हसली. मग जरा गंभीर होऊन तिनं विचारलं, "आणि त्याचा अर्थ तरी काय? माझ्या लहानपणी आमच्या पाड्यावर राम राम होता. हा जोहार कुठून आला?" (ती अर्थातच वारलीत बोलली. त्या बोलीचा हेल माझ्या कागदावर उतरत नाही, म्हणून मी माझ्या मराठीत लिहिते आहे.)

मला उत्तर देता आलं नाही. समाजकार्याच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात समुदाय संघटनाच्या पायऱ्या पाठ केल्या होत्या, अहवाल कसा लिहायचा ते शिकले होते, पण माणसं एकमेकांना भेटल्यावर काय म्हणतात आणि का, हा प्रश्न कुणी घातल्याचं आठवत नाही. त्या बाईनं घातला. तिच्या दोन्ही प्रश्नांचा मी त्यानंतर पाठपुरावा केला. दुसऱ्याचं उत्तर पुस्तकांत आणि कोशांत थोडंफार सापडलं. पहिल्याचं अजून शोधते आहे, आणि मैत्रिणींनो, त्यासाठीच हे लिहिते आहे.

आधी सोपा भाग. 'जोहार' हा काही कालपरवाचा शब्द नाही. हिंदीत 'जुहार', गुजरातीत 'जुहार', मराठीत 'जोहार', म्हणजे नमस्कार. 'जय'शी, जयजयकाराशी त्याचं नातं जोडणारे आहेत. 'योद्धा' या शब्दाशी जोडणारे आहेत. झारखंडमध्ये संथाळ, मुंडा, हो लोकांचा तो रोजचा नमस्कार. २५ जुलै २०२२ रोजी द्रौपदी मुर्मू यांनी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतल्यावर देशाला पहिला शब्द उच्चारला तो 'जोहार', मग 'नमस्कार'. आपल्याकडच्या आदिवासी मेळाव्यांत निसर्गाला, धरतीला वंदन असा त्याचा अर्थ सांगतात. शब्दाचं मूळ यांतलं कुठलं, यावर पंडितांनी वाद घालावा. माझं काम त्यापुढचं आहे.

एक खुलासा मात्र इथेच करून टाकते, कारण आश्रमशाळेतल्या एका मुलीनं मला अगदी खरंखुरं घाबरून विचारलं होतं, "मॅडम, जोहार म्हणजे त्या राण्यांनी आगीत उडी घेतली तेच ना?" सिनेमाचा परिणाम. नाही, ते नाही. राजपूत राण्यांचा तो 'जौहर' वेगळा शब्द आहे. पांडवांना जाळण्यासाठी बांधलेल्या लाक्षागृहाचं संस्कृत नाव 'जतुगृह', त्यापासून तो आला असं बरेच अभ्यासक मानतात. आणि आमच्या शेजारचं जव्हार हे गावाचं नाव. उच्चार जवळचे, बाकी काही नाही. त्या मुलीचा जीव भांड्यात पडला. पण बायकांना जाळणारा शब्द त्या पोरीला लगेच आठवावा आणि अभिवादनाचा आठवू नये, हेही मला बोलकं वाटलं.

आता अवघड भाग. मराठी मुलखात 'जोहार' हा शेकडो वर्षं महारांनी वरच्या जातींना करायचा नमस्कार होता. चौदाव्या शतकातल्या चोखोबांच्या नावावर जोहाराचे अभंग आहेत. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडं रचली, त्यांत 'जोहार' नावाचा एक प्रकारच आहे, ज्यात गावचा महार जोहार घालून बोलू लागतो. नाथांनी त्या महाराच्या तोंडून शहाणपण वदवलं हे खरं, पण गावात प्रत्यक्ष काय चालायचं? महारानं लांब उभं राहायचं, वाकायचं, जोहार घालायचा. समोरच्यानं उलट जोहार घालायचा नाही. म्हणजे हा नमस्कार एकाच बाजूनं चालायचा. ज्याला तो केला जाई त्याला तो परत करण्याची गरज नव्हती, किंबहुना परत न करणं हेच त्याचं मोठेपण.

कुणी कुठला नमस्कार करायचा हे जातीनं ठरलेलं होतं, आणि ते राखायला सरकारं उतरत. १७७९ साली मुंबईत कंपनी सरकारनं चक्क हुकूम काढून सोनारांना 'नमस्कार' हा शब्द वापरण्याची बंदी केली. पुण्याच्या पेशवाईकडून तक्रार गेली होती की हे लोक ब्राह्मणांसारखा नमस्कार करतात. तोंडातून निघालेल्या एका शब्दावरून दोन राज्यांमध्ये पत्रव्यवहार! नमस्कारासारख्या किरकोळ गोष्टीवर लेख कसला लिहायचा, असं ज्यांच्या मनात येत असेल त्यांनी हा हुकूम लक्षात ठेवावा. वरच्यांना ती कधीच किरकोळ वाटली नव्हती.

म्हणून दलित चळवळीनं सगळ्यात आधी ज्या गोष्टी टाकल्या त्यांत जोहार होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं की जातीची खूण सांगणारी लुगड्याची पद्धत आणि अंगभर घालायचे ते दागिने सोडा. कपड्यांवरची खूण गेली, तशीच तोंडातली खूणही जायला हवी होती. १९३० च्या दशकात कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी 'जय भीम' हे अभिवादन रुजवलं. हे हरदास १९०४ साली जन्मले आणि १९३९ साली, पस्तिशीतच गेले. चार वर्षांची मुलं आज जो शब्द सहज उच्चारतात तो त्यांनी मागे ठेवला.

'जय भीम'मधली मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे त्याचं उत्तर 'जय भीम' असंच आहे. लहान मूल म्हणालं तरी तेच, प्राध्यापक म्हणाला तरी तेच. आणि बाई म्हणाली तरी तेच. मुंबईच्या चाळींत, विदर्भातल्या वस्त्यांत बायका रस्त्यातून मोठ्यानं 'जय भीम' घालतात, पुरुषाला घालतात, एकमेकींना घालतात, आणि तेवढ्याच आवाजात तो परत येतो. आपल्या सवर्ण मध्यमवर्गीय घरांत असा नमस्कार बाईला कधी मिळाला? ती वाकून पाया पडते आणि तिला 'अखंड सौभाग्यवती भव' मिळतं. म्हणजे वाकायचं हिनं, आयुष्य वाढायचं नवऱ्याचं. हळदीकुंकवाला बोलावणं आलं तर त्यातून विधवा वगळलेली. आणि रस्त्यात मैत्रीण भेटली की पहिला प्रश्न, "काय म्हणतात मिस्टर?" जिजाऊंचं नाव घेऊन नमस्कार करणारे लोक आहेत, चांगलं आहे. पण तिथंही राजाची आई म्हणून ती बाई मोठी. असो, हा वेगळा लेख होईल.

तर प्रश्न असा की महारांनी जो शब्द गुलामीची खूण म्हणून टाकला, तोच शब्द आदिवासी तरुण अभिमानानं उचलतो, हे कसं? एका दलित कार्यकर्तीनं मला हे रागानंच विचारलं होतं. "आमच्या आज्यानं वाकून म्हटलेला शब्द तुम्ही झेंड्यावर लिहिता!" तिचा राग मला समजतो. पण मला वाटतं की शब्दाचा अर्थ मुळात नसतो, तो कोण कुणाला म्हणतो आणि समोरून काय येतं त्यात असतो. झारखंडचा जोहार समोरूनही जोहार म्हणूनच येतो. तिथून, आणि मध्य भारतातल्या मेळाव्यांतून तो आमच्याकडे आला. १९९४ साली संयुक्त राष्ट्रसंघानं ९ ऑगस्ट हा जगातल्या आदिवासींचा दिवस म्हणून जाहीर केला, त्या दिवसाच्या मिरवणुका गावोगाव निघू लागल्या, मग मोबाइल आला, आणि आता डहाणू-तलासरीत मोटारसायकलच्या नंबरपाटीवर, टेम्पोच्या काचेवर, लग्नाच्या पत्रिकेवर 'जय जोहार' असतो. पोरांच्या तोंडी तर तो इतका रुळला आहे की कॉलेजच्या कट्ट्यावर 'काय रे' म्हणावं तसं 'जोहार रे' म्हणतात. गडचिरोलीकडे गोंड 'जय सेवा' म्हणतात. इकडे वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, दुबळा अशा वेगवेगळ्या जमातींना एका धाग्यात ओवणारा शब्द हवा होता, तो मिळाला. त्या बाईची शंका बरोबरच होती. तिच्या लहानपणी पाड्यावर हा शब्द नव्हता.

पण मग तिच्या आजीच्या काळी काय होतं? हे समजून घ्यायचं तर वेठीकडे जावं लागतं. या भागातल्या जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्या होत्या आणि वारली त्याच जमिनींवर वेठीला राबत होता. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा आणि त्याच्याबरोबर नवरीही जमीनदाराची बांधील. त्याला नावच होतं, लग्नगडी. त्या बाईच्या अंगावर कुणाचा हक्क चाले हे आपल्या वाचकांना सांगायला नको. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथून वारली परतले आणि २३ मे १९४५ रोजी झरीच्या सभेत त्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या जमावावर गोळीबार झाला, पाच जण मेले. पण वेठ आणि लग्नगडी गेली. गोदूताई परुळेकरांनी हे सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये लिहून ठेवलं आहे. १९७० सालचं पुस्तक. आपल्या गटातल्या नव्या मुलींनी वाचलं नसेल तर जरूर मिळवून वाचावं.

त्या लढ्याबरोबर बोलणंही बदललं. तलासरीत लाल बावट्याच्या सभांना आजही 'लाल सलाम' असतो. इतर संघटनांच्या बैठकांत मी 'जिंदाबाद' हाच नमस्कार ऐकला आहे. हात वर करून 'जिंदाबाद' म्हणायचं, समोरचीनं 'जिंदाबाद' म्हणायचं. फारसी शब्द, अर्थ 'जिवंत राहो'. मला तो फार आवडतो. भर उन्हात तीन मैल चालून आलेल्या बाईला 'जिवंत राहा' यापेक्षा चांगलं काय म्हणणार? शिवाय या नमस्कारात बायका पहिल्यापासून होत्या, कारण मोर्चात होत्या.

डहाणू रोड स्टेशनवर सकाळी सहाला उभं राहून बघावं. २०१३ पासून लोकल इथपर्यंत येते. त्या फलाटावर किती नमस्कार ऐकू येतात! व्यापाऱ्यांचं 'जय श्रीकृष्ण', 'केम छो', बागायतवाल्या पारशी-इराणी म्हाताऱ्यांचं 'साहेबजी', 'सलाम आलेकुम', 'जय महाराष्ट्र', शिक्षकांचं 'गुड मॉर्निंग सर', आणि आता 'जय जोहार'. ज्याचा त्याचा आपापला गोट. मी एकदा गंमत म्हणून अर्धा तास नुसतं हेच मोजत उभी होते. पुरुषांचे नमस्कार मोजता मोजता थकले. बायका एकमेकींना भेटत होत्याच, फुग्यांच्या कारखान्याकडे निघालेल्या, चिकूच्या वाडीत निघालेल्या, टोपल्या घेतलेल्या मासेवाल्या. पण त्या काय म्हणत होत्या? "आली काय?" "पाणी भरलंस?" "पोराचा ताप उतरला?" "आज उशीर?"

म्हणजे पुरुषाला भेटल्यावर जय मिळतो, आणि बाईला प्रश्न. तोही तिच्या कामाचा नाहीतर तिच्या जाण्यायेण्याचा. मी हे आमच्या पाड्यांवर बघितलं आणि मग पुण्याला माहेरी गेल्यावर बघितलं, दोन्हीकडे तेच.

याला दोन बाजू आहेत, हे मान्य करायला हवं. बायका बायकांना जेव्हा विचारतात, "कुठं चाललीस?" तेव्हा कुणालाच खरं उत्तर नको असतं. "इथंच" म्हटलं की झालं. त्यात माया असते, पाळत नसते. उलट मला तर वाटतं, 'पोराचा ताप उतरला का' हा 'जय'पेक्षा जास्त खरा नमस्कार आहे, कारण तो समोरचीला ओळखून केलेला असतो. पण तोच प्रश्न पुरुष विचारतो तेव्हा उत्तर द्यावं लागतं. नवऱ्यानं, सासऱ्यानं, नाक्यावरच्या पोरांनी विचारलेलं "कुठं चाललीस?" हा हिशेब असतो.

आणखी एक. वारली बोलीत सगळेच सगळ्यांना 'तू' म्हणतात. सुरुवातीला पाड्यावरची सहा वर्षांची पोरगी मला "तू आली?" म्हणाली तेव्हा मी मनातल्या मनात दचकले होते, हे कबूल करते. शहरी संस्कार. नंतर लक्षात आलं की तिथं 'तू' खाली ढकलत नाही, कारण तो सगळ्यांना आहे आणि परतही 'तू' म्हणूनच येतो. पण हीच बाई तालुक्याच्या गावी कचेरीत गेली, दवाखान्यात गेली, दुकानात गेली की तिला मिळणारा 'तू' निराळा. "ए बाई, तू थांब तिकडं." तिनं उलट 'तू' म्हटलं तर मात्र "कशी बोलते बघा, अडाणी." तोच शब्द, पण इथं तो परत करायची मुभा नाही. जुना जोहार आणि हा 'तू' यांत मला काही फरक दिसत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हा सगळा विषय माझ्यासाठी शब्दांच्या गमतीपुरता राहिला नाही, ती सांगते. डहाणू तालुक्यातलं एक गाव. नाव सांगत नाही, ओळख पटेल असं काही सांगत नाही. एकटी राहणारी एक विधवा म्हातारी. शेजारच्या घरातलं मूल तापानं गेलं, मग एक बैल मेला. भगतानं दाणे टाकून बघितलं आणि बोट तिच्या घराकडे दाखवलं. भुताळी. इकडे काम करणाऱ्यांना हा शब्द कानी पडला की पोटात गोळा येतो. या शब्दापायी बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं आहे, जीव घेतले आहेत. आम्ही धावलो. पण म्हातारीला कुणी हात लावला नव्हता. शिवी दिली नव्हती. ती म्हणाली, "मारत नाहीत गं. विचारत नाहीत."

मला आधी कळलंच नाही. मग तिनं समजावून सांगितलं. हातपंपावर गेली की बायका बाजूला होतात आणि कुणी 'पाणी भरलंस?' म्हणत नाही. वाटेवर समोरून कुणी आलं तर 'कुठं चाललीस?' म्हणत नाही. तिच्या दारावरून पोरं जातात, 'आजी' म्हणत नाहीत. चार महिने तिला कुणी काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "मी घरात कोंबडीशी बोलते."

आम्ही तिला घेऊन तक्रार द्यायला गेलो. समोरच्या माणसानं विचारलं, "मारलं?" नाही. "शिव्या दिल्या?" नाही. "पाणी बंद केलं?" तसं नाही, भरू देतात. "मग तक्रार काय लिहू? बोलत नाहीत म्हणून?" तो माणूस अगदीच दुष्ट होता असं नाही, त्याला खरंच समजत नव्हतं. कायदे आहेत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. सामाजिक बहिष्काराला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड सांगणारा २०१६ चा कायदा आहे, जो २०१७ मध्ये लागू झाला. हे कायदे मिळवायला लोकांनी वर्षानुवर्षं घालवली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जीव दिला. त्यांचा उपयोग आम्ही केला, भगताला समज मिळाली, गावात बैठक झाली. पण बहिष्कार सुरू कुठून होतो? पंचांच्या ठरावातून नाही. तो 'कुठं चाललीस?' बंद होण्यातून सुरू होतो, आणि ते कलमात पकडता येत नाही.

त्याच गावात ९ ऑगस्टला मिरवणूक निघते. दर्शनी घरावर पिवळा झेंडा असतो. ती मिरवणूक त्या वर्षी म्हातारीच्या दारावरून गेली. ढोल वाजत होता, 'जय जोहार'च्या आरोळ्या चालू होत्या. एकाही पोरानं त्या दाराकडे बघून जोहार केला नाही. हे मी टीका म्हणून सांगते, पण परकी म्हणून नाही. त्या मिरवणुकीत मीही चालत होते. मीही केला नाही. मला त्या वेळी सुचलं नाही.

आणि नाण्याची दुसरी बाजू हायवेवर दिसते. तलासरीच्या मुली उंबरगावच्या जीआयडीसीत कामाला जातात. संध्याकाळी टेम्पोची वाट बघत कडेला उभ्या राहतात. गाडीतून जाणारी पोरं, कधी आदिवासी, बरेचदा नाही, वेग कमी करून ओरडतात, "ए जोहाऽर!" आणि खिदळतात. एक मुलगी मला म्हणाली, "आम्हांला रोज जोहार मिळतो ताई, पण तो असा." जो शब्द तिच्या भावाला मान देतो तोच तिच्या अंगावर फेकला जातो. तिच्या कंपनीतल्या मुलींनी यावर उपाय काढला आहे. त्या सगळ्याजणी मिळून तेवढ्याच मोठ्यानं "जोहार दादा, उतर खाली!" म्हणतात. अजून कुणी उतरलेलं नाही.

आमच्यातले काही जुने कार्यकर्ते म्हणतात, अगं, मजुरी थकली आहे, वनहक्काचे दावे पडून आहेत, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाला, बुलेट ट्रेनला जमिनी गेल्या, वाढवणच्या बंदराचा प्रश्न आहे, आणि तू नमस्कार काय घेऊन बसलीस? मला हा आक्षेप पटत नाही. जमिनीच्या बैठकीत ज्या बाईला दारातून आत येताना कुणी जोहार केला नाही, तिला बोलायची पाळी कधी येते? सातबारावर नाव नसतं, तसंच हे. पेसा कायद्यानं १९९६ पासून ग्रामसभेला अधिकार दिले. त्या ग्रामसभेत निम्म्या बायका बसलेल्या असतात आणि साहेब आल्यावर सरपंचबाईंना सोडून तिच्या नवऱ्याला नमस्कार करतात. एका गावात मी बघितलं, ती सरपंचबाई शांतपणे उठली, साहेबांच्या पुढ्यात जाऊन 'जय जोहार साहेब' म्हणाली आणि तशीच उभी राहिली. साहेबांना उत्तर द्यावंच लागलं. मग ती खुर्चीवर बसली, नवरा सतरंजीवर.

कुणी असंही सुचवलं की बायकांसाठी वेगळं अभिवादन काढू. सावित्रीबाईंच्या नावानं काढू, गोदूताईंच्या नावानं काढू. मला ते नको वाटतं. वेगळं काढलं की ते महिला मेळाव्यापुरतं उरणार, आठ मार्चला बाहेर निघणार आणि नऊ मार्चला पेटीत. आहे तोच जोहार बायकांचा झाला पाहिजे. वारल्यांच्या लग्नात आजही धवलेरी असते, लग्न लावणारी बाई, तिच्या गाण्याशिवाय लग्न लागत नाही. ज्या समाजात बाईच्या तोंडून निघालेल्या शब्दानं दोन घरं जोडली जातात, त्या समाजाला बाईच्या तोंडचा जोहार जड का जावा?

आमच्या गटानं यंदा एवढंच ठरवलं आहे की पाड्यावर गेल्यावर पहिला जोहार पडवीच्या टोकाला उभ्या असलेल्या ग्रामसेवकाला करायचा नाही, खाली बसलेल्या बायकांना करायचा, एकेकीकडे बघून. वेळ लागतो. पहिल्या दिवशी सगळ्या लाजल्या, पदर तोंडाला लावून हसल्या, दोघींनी सवयीनं 'नमस्ते मॅडम' म्हटलं. पन्नाशीच्या त्या बाईनं मात्र हात वर करून 'जिंदाबाद' म्हटलं. तिला तो जुनाच बरा वाटतो म्हणाली. डहाणूच्या त्या म्हातारीकडे आता आठवड्यातून एकदा आमची एक मुलगी मुद्दाम जाते आणि रस्त्यावरूनच, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी, "जोहार आजी, काय शिजवलंस?" म्हणून ओरडते. हातपंपावरच्या दोघी-तिघी आता तिच्याशी बोलतात असं म्हातारी सांगते. शेजारचं घर अजून बोलत नाही.

तुमच्या भागात बायका एकमेकींना भेटल्यावर काय म्हणतात? पुरुष त्यांना काय म्हणतात? बैठकीत, बाजारात, एसटीत? जुन्या बायकांना विचारा, त्यांच्या आज्या काय म्हणत होत्या. टाकलेल्या, एकट्या, संशय घेतलेल्या बायकांना तुमच्या गावात कोण हाक मारतं, हेही बघा. जे सापडेल ते पोस्टकार्डावर का होईना, मासिकाच्या पत्त्यावर लिहून पाठवा. पुढच्या अंकाला अजून दीड महिना आहे.